ओटारी : देशी झाडांचं माहेर आणि दवाखाना

वेलिंग्टनच्या रस्त्यांवर, दुभाजकांत आणि वाहनतळांच्या कडेला एक गोलसर झुडूप सर्रास दिसतं. तांबूस तारांचा गुंता करून ठेवावा तशा फांद्या, त्यांवर करंगळीच्या नखाएवढी हृदयाकृती पानं. हिवाळ्यात तीही गळून जातात. त्याचं नाव तोरोरारो. वारा, धूर, दुर्लक्ष, सगळं निमूट सोसणारं. रानात मात्र हे झुडूप संकटात आहे, कारण किनाऱ्यालगतच्या ज्या कोरड्या झाडोऱ्यात ते वाढायचं, तो बहुतेक सगळा मेंढ्यांच्या कुरणांखाली गेला. शहरात मुबलक आणि रानात दुर्मिळ, असा हा उलटा हिशोब.

न्यूझीलंडच्या बऱ्याच झाडांच्या बाबतीत तो असाच उलटा आहे. तो कसा झाला आणि आता कसा सांभाळला जातो, हे पाहायचं तर शहराच्या विल्टन या उपनगरात जावं. तिथे ‘ओटारी-विल्टन्स बुश’ आहे. फक्त देशी झाडांना वाहिलेलं हे देशातलं एकमेव सार्वजनिक वनस्पती उद्यान. सुमारे १०० हेक्टर जंगल आणि त्याच्या कुशीत ५ हेक्टर लावलेली बाग. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

जंगल वाचलं ते एका शेतकऱ्यामुळे. १८६० च्या सुमारास, आजूबाजूचे वसाहतवाले झाडं तोडून, जाळून कुरणं करत असताना जोब विल्टन यांनी आपल्या शेतातल्या सुमारे ७ हेक्टर रानाला कुंपण घातलं आणि ते तसंच राहू दिलं. आजचं ओटारी त्या तुकड्याभोवती वाढलं. इथला एक रिमु वृक्ष सुमारे ८०० वर्षांचा मानला जातो. म्हणजे या बेटांवर माणूस आला त्या काळाच्या आगेमागे तो रुजला.

बाग मात्र लेनर्ड कॉकेन यांची. १८५५ मध्ये इंग्लंडात जन्मलेले, ऑस्ट्रेलियामार्गे न्यूझीलंडला आलेले हे शाळामास्तर. ख्राइस्टचर्चजवळच्या रेताड किनाऱ्यावर त्यांनी स्वतःची प्रयोगबाग उभी केली, जगभरच्या वनस्पती उद्यानांशी बियांची देवघेव केली आणि हळूहळू देशातले सर्वांत नावाजलेले वनस्पतीशास्त्रज्ञ झाले. १९१२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं. वसाहतीतल्या लोकांना अंगणात हवे असायचे गुलाब, ओक आणि इंग्लंडातली फुलझाडं. इथली झाडं म्हणजे साफ करायचं रान. कॉकेन यांनी १९२३ मध्ये देशी झाडांच्या लागवडीवर एक पुस्तक काढलं आणि १९२६ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, नगरपालिकेच्या मदतीने ओटारीत ‘उघड्यावरचं वनस्पती संग्रहालय’ सुरू केलं. जंगल पूर्वरूपाला न्यावं, देशभरच्या प्रजाती एका जागी लावाव्यात, आणि कुंपणाला, वाफ्याला, वाऱ्याच्या आडोशाला कोणतं देशी झाड चालतं हे लोकांना डोळ्यांनी दाखवावं, असा त्यांचा बेत होता. १९३४ मध्ये ते वारले. त्यांची समाधी याच बागेत आहे.

त्यांच्यापुढची अडचण खरी होती. न्यूझीलंडमध्ये सुमारे २,४०० देशी संवहनी वनस्पती आहेत आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. पण फुलांचा भपका त्यांच्यात कमी. बहुतेक फुलं लहान, पांढरी किंवा हिरवट. लांब जिभेच्या मधमाश्या या बेटांवर मुळात नव्हत्या. परागीभवन माश्या, पतंग, आखूड जिभेच्या छोट्या मधमाश्या आणि पक्षी यांच्यावर चालायचं. त्यामुळे इथली बाग उभी राहते ती पानांवर आणि आकारांवर. कोप्रोस्माची तकतकीत पानं, कोरोकियाच्या रुपेरी काड्या, तलवारीसारखी उभी पाती असलेला हारकेके. फूल बघायला सरावलेल्या डोळ्यांना ही नजर शिकावी लागते.

तोरोरारोसारखी गुंतागुंतीची झुडपं तर नजरेची परीक्षाच घेतात. एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या अनेक कुळांतल्या पन्नासच्या वर प्रजातींनी इथे हाच बांधा स्वीकारला आहे : चिवट फांद्या रुंद कोनांत वाकलेल्या, पानं बारीक आणि बरीचशी आतल्या अंगाला. का? कॉकेन यांचा कौल हवामानाकडे, म्हणजे वारा आणि कोरडेपणाकडे होता. मटागौरी या काटेरी झुडपाचं रोप दमट हवेत वाढवलं तर काटे धरत नाही, हे त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. १९७७ मध्ये ग्रीनवूड आणि ॲटकिन्सन या दोघांनी दुसरा संशयित पुढे केला : मोआ. माणसाने शिकार करून संपवलेले हे प्रचंड, न उडणारे पक्षी पाला ओरबाडून खायचे; गुंत्यातून पान काढणं त्यांना महागात पडत असणार. पुढे संशोधकांनी अशी झुडपं शहामृग आणि इमूंपुढे ठेवली, तेव्हा पक्ष्यांच्या खाण्याचा वेग खरोखर मंदावला. वाद अजून मिटलेला नाही. माळ्यांना मात्र आयतं कुंपण मिळालं : कात्री सोसणारं, वाऱ्याला न जुमानणारं.

या झाडांची कदर आधी परदेशात झाली, हीही एक गंमत. हेबे म्हणजे देशातला सर्वांत मोठा वनस्पती-वंश, शंभराच्या आसपास प्रजातींचा. एकोणिसाव्या शतकातच ब्रिटिश माळ्यांनी तिचे संकर करायला सुरुवात केली आणि आज खारा वारा सोसणाऱ्या तिथल्या किनारी बागांत ती घरचीच वाटते. ग्रिसेलिनियाची कुंपणं आयर्लंडपर्यंत पोहोचली. पिटोस्पोरमच्या फांद्या फुलवाल्यांच्या गुच्छांत गेल्या. चॅटम बेटांवरचं रुंद, चकचकीत पानांचं निळं ‘फर्गेट-मी-नॉट’ मेंढ्या-डुकरांनी त्याच्या मूळ किनाऱ्यावर खाऊन विरळ केलं, पण थंड सावलीच्या बागांत ते जपलं गेलं.

हारकेकेची गोष्ट वेगळी. तो इथल्या मूळ रहिवासी माओरींच्या घरात कधीपासूनच होता. टोपल्या, चटया, दोर, जाळी, वस्त्रं, सगळं त्याच्या पात्यांतून आणि धाग्यांतून. विणकामाला कोणतं वाण चांगलं हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून, जपून ठेवलं. कापण्याचा नियमही ठरलेला : मधला कोवळा कोंब आणि त्याच्या दोन बाजूंची पाती, म्हणजे लेकरू आणि आईबाप, यांना हात लावायचा नाही, बाहेरची पाती घ्यायची. लाल-पिवळ्या पट्ट्यांची शोभेची वाणं जगभरच्या रोपवाटिकांत पोहोचली ती याच्या पुष्कळ नंतर. हारकेकेच्या उंच दांड्यांवरच्या फुलांतला मध प्यायला टूई पक्षी येतात. शेजारच्या झीलँडिया अभयारण्याला कुंपण घालून उंदीर, स्टोट यांसारखे शिकारी बाहेर काढल्यापासून शहरात पक्षी वाढले आहेत. त्यांना मधाचं झाड अंगणात हवंच असतं.

बागेमुळे झाड वाचतं याचा सर्वांत बोलका दाखला देशाच्या उत्तर टोकापलीकडच्या थ्री किंग्ज बेटांवरचा. १८८९ मध्ये तिथल्या मोठ्या बेटावर चार शेळ्या सोडल्या गेल्या. १९४६ मध्ये त्या मारून संपवल्या, तेव्हा चारशेच्या जवळपास भरल्या. त्याच सुमारास जेफ बेलिस या वनस्पतीशास्त्रज्ञाला तिथे टेकोमँथेची एकुलती एक वेल आणि पेनँशियाचं एकुलतं एक झाड सापडलं. ती टेकोमँथे आज रोपवाटिकांत विकत मिळते, अंगणाअंगणांत मांडवावर चढते. मात्र जी रोपं एकाच आईची, त्यांच्यात वैविध्य कुठून येणार?

म्हणून ओटारीत झाड नुसतं लावून भागत नाही. ते कुठल्या खोऱ्यातलं, कुठल्या बियांचं, याची नोंद लागते. पोहुतुकावा हे लालभडक फुलांचं झाड ख्रिसमसच्या सुमाराला बहरतं आणि वेलिंग्टनच्या रस्त्यांवर भरपूर आहे, पण त्याचं मूळ घर उत्तरेकडे. इथे ते स्थानिक राता वृक्षाशी संकर करतं. देशी झाडही चुकीच्या जागी पाहुणंच ठरतं. देशी झाडांच्या संकरांचा सखोल अभ्यास कॉकेन यांनीच केला होता, त्यामुळे हा प्रश्न बागेला नवा नाही.

२०१७ मध्ये आणखी एक संकट आलं. मर्टल रस्ट ही तांबेऱ्याची बुरशी वाऱ्यावरून न्यूझीलंडला पोहोचली आणि जांभूळ-पेरूच्या कुळातली देशी झाडं धोक्यात आली. त्यांत पोहुतुकावा आहे, राता आहेत आणि दलदलीत वाढणारा मायरेही आहे, आपल्या जांभळाचा सख्खा भाऊबंद. मायरेचं बी जांभळासारखंच वाळवलं की मरतं; इतर बियांप्रमाणे सुकवून गोठवून ठेवता येत नाही. ओटारीच्या आवारातल्या प्रयोगशाळेत म्हणून बियांतला गर्भ काढून तो द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, टिकवता येईल का याचे प्रयोग झाले. गर्भातलं पाणी पुरेसं कमी केलं तर तो मरतो, आणि पाणी राहू दिलं तर गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. या दोन मरणांमधली अरुंद वाट संशोधकांना शोधायची आहे. तोवर दलदलीतल्या झाडांवरून फळं गोळा करून ताजं बी लगेच पेरणं, हाच भरवशाचा मार्ग उरतो.