दोन विजयांचा हंगाम

१४ नोव्हेंबर १९७० च्या रात्री अमेरिकेतील मार्शल विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला सामन्याहून परत आणणारे विमान हंटिंग्टनजवळ कोसळले. ७५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ३७ खेळाडू व प्रशिक्षक रिक टॉली होते. संघच बंद करावा, असाही विचार झाला.

पुढील वर्षी जॅक लेंग्येल यांनी ही धुरा स्वीकारली. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हा मुख्य संघात मज्जाव असे. मार्शलपुरती ती अट शिथिल झाली. या कोवळ्या मुलांना झेपेल अशी खेळपद्धती लेंग्येल यांना दाखविली ती त्याच राज्यातील बलाढ्य वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी. आपल्या डावपेचांची वही दुसऱ्यापुढे उघडणारे प्रशिक्षक विरळाच!

पहिला सामना हातचा गेला. २५ सप्टेंबर १९७१ रोजी, घरच्या मैदानावर, झेवियरविरुद्ध अगदी अखेरच्या चालीत रेजी ऑलिव्हरने फेकलेला चेंडू टेरी गार्डनरने झेलला व तो रेषेपार धावला. १५-१३! प्रेक्षक मैदानात धावले.

त्या हंगामात आणखी एकच विजय लाभला, पराभव आठ. विद्यापीठातील स्मारक-कारंजे आजही दरवर्षी १४ नोव्हेंबरला थांबविले जाते आणि वसंतात पुन्हा वाहू लागते.