तंबूतून निघालेले घराणे

बीड जिल्ह्यातील उमापुराहून शेवगावची वाट धरली की १९४७ पूर्वी वाटसरू निजामाच्या मुलुखातून इंग्रजी अमलात शिरत असे. परंतु सरहद्दीच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांना सिनेमा ठाऊक झाला तो बहुधा कनातीच्या आडोशालाच. ज्या घराण्याने हिंदुस्थानात चित्रगृहांची पहिली मोठी साखळी उभारली, त्याचाही आरंभ तंबूतच झाला होता, हे येथे अगत्याने नमूद केले पाहिजे.

जमशेटजी फ्रामजी मादन हे मूळचे मुंबईचे पारशी गृहस्थ. त्यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या मैदानावर तंबू ठोकून बायोस्कोपचे खेळ आरंभिले, १९०७ मध्ये एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे पक्के चित्रगृह उघडले, आणि १९१९ मध्ये ‘मादन थिएटर्स लिमिटेड’ स्थापून निर्मिती, वितरण व प्रदर्शन ही तिन्ही अंगे एका पेढीच्या कबजात आणली. १९२३ मध्ये ते निवर्तल्यावर कारभार पुत्र जे. जे. मादन यांच्याकडे आला. पुढे बोलपट आला. ‘शिरीं फरहाद’, ‘इंद्रसभा’ असे गाजलेले चित्रपट त्यांनी काढलेही. परंतु गावोगावच्या चित्रगृहांत ध्वनियंत्रे बसविण्याचा खर्च आणि जागतिक मंदी एकाच वेळी अंगावर आल्याने ती साखळी अल्पावधीतच विस्कटली. तिन्ही अंगे एका हाती असणे हेच त्यांचे सामर्थ्य होते, आणि माझ्या मते घातही त्यानेच केला.

तंबूवाले मात्र टिकले, कारण बुडण्याजोगी इमारतच त्यांच्यापाशी नव्हती! बाप तिकिटाला, मुलगा यंत्रावर, यंत्र मालमोटारीवर. तहसिलीचा परवाना आणि करमणूक कराचा भरणा एवढेच त्यांचे दफ्तर. बीड जिल्ह्यात तर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांकडे निघून गावे ओस पडत असल्याने, ती परतून चैत्रातल्या जत्रा भरू लागल्या म्हणजेच तंबूवाल्याच्या गल्ल्याला खरी बरकत येई.

महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रगृहांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कानच्या महोत्सवात गौरविला गेला. तोवर रिळांचा पुरवठाच आटत चालला होता. नवे डिजिटल यंत्र विकत घ्यावे तर पैका कोठून आणावा, हा मादनांपुढचा प्रश्न आता तंबूवाल्यांच्याही दारी येऊन ठेपला होता.