नातवंडांची भाषा आणि यंत्रगुरु
जर्मनींत वाढणारीं नातवंडें मराठी विसरूं लागलीं, कीं आजी-आजोबांसच जर्मन शब्द शिकावे लागतात. तेथेंहि लिंगें तीनच. पण चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी नि सुरी चक्क नपुंसकलिंगी! २०२२ सालीं आलेल्या चॅटजीपीटीसारख्या कृत्रिम बुद्धीच्या साधनास अर्थ विचारला, तर तो तत्काळ मिळतो नि तितक्याच लवकर विसरतो. उजळणीवांचून पाठांतर कसें विरतें, हें एबिंगहाउस ह्या जर्मन पंडितानें १८८५ सालींच दाखविलें आहे. म्हणून त्या साधनासच परीक्षक करावें. 'आजच्या दहा शब्दांवर गाळलेल्या जागांचीं वाक्यें दे. मी लिहिल्यावांचून उत्तर सांगूं नकोस,' अशी आज्ञा करावी. चुकलेले शब्द टिपून ठेवून उद्यां व आठवड्यानें पुन्हां तपासावे. तें क्वचित् चुकीचें लिंगहि ठामपणें सांगतें. सबब कोश जवळ हवाच. उच्चार मात्र नातवंडांकडूनच सुधारून घ्यावे. तीं हंसतील खरीं, पण त्या निमित्तानें बोलतील तरी.