अवकाश संशोधनाचा खर्च आणि शेतकरी

राहुरी तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वर्षाकाठी पडणारा पाऊस सरासरीने सुमारे ५०० मि.मी.; आणि तोही वेळेवर पडेल असा भरवसा नाही. बारागाव नांदूर येथील मुळा धरण भरते ते मुख्यत्वे पश्चिमेस अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या परिसरात पडणाऱ्या पावसाने. येथील पिकास पाणी देणारा ढग शेतकऱ्यास आपल्या बांधावरून पुष्कळदा दिसतही नाही. अशा भागातील शेतकरी जर विचारू लागला की, चंद्रावर यान धाडण्याऐवजी तोच पैसा बंधाऱ्यांवर का खर्चू नये, तर त्याचा प्रश्न रास्त मानला पाहिजे.

केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला, तेव्हा देश परदेशी धान्यावर अवलंबून होता. ही विद्या सामान्य माणसाच्या प्रत्यक्ष अडचणींसाठी वापरावयाची, अशी डॉ. विक्रम साराभाई यांची भूमिका होती. त्यांच्या प्रेरणेने १९७० च्या सुमारास दूरसंवेदनाचा जो पहिला प्रयोग झाला, तो केरळातील नारळाच्या मूळकुज रोगावर. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक डॉ. पिशारोटी यांनी हवेतून अवरक्त छायाचित्रे घेऊन रोगट झाडे ओळखण्याचे काम हाती घेतले.

यामागील तत्त्व सोपे आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व डोळ्यास न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतविते. पिकास पाण्याचा ताण पडला की हे प्रमाण बदलते. उपग्रह हा फरक मोजतो व त्यावरून पिकाच्या स्थितीचा निर्देशांक काढला जातो.

परंतु केवळ यंदाचा आकडा फारसे काही सांगत नाही. यंदाचे पीक मागील वर्षांच्या तुलनेत कसे आहे, हे पाहावे लागते. एक वर्ष पर्जन्यमापक वाचला आणि पुढील वर्षी तो कोपऱ्यात ठेवला, तर त्या नोंदीचा उपयोग काय? उपग्रहाचे आयुष्य थोड्या वर्षांचे असते. एक निकामी होण्यापूर्वी दुसरा वर गेला पाहिजे. राष्ट्राने या कामी दीर्घकाळ बांधून घेतले पाहिजे, ते याच कारणास्तव. आरंभी भारत अमेरिकेच्या उपग्रहाच्या चित्रांवर विसंबून होता. १७ मार्च १९८८ रोजी नियमित सेवा देणारा पहिला भारतीय दूरसंवेदन उपग्रह सोव्हिएत अग्निबाणाने वर गेला, तेव्हापासून स्वतःच्या नोंदी साठू लागल्या.

त्या नोंदींवर आज पैशाचे निर्णय होतात. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पाऊस, पेरणीचे क्षेत्र व जमिनीतील ओलावा यांबरोबर उपग्रहाने मोजलेला पिकाचा निर्देशांकही धरला जातो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, ते या संहितेच्या आधारे. बंधाऱ्याचेही तसेच. भूजल कोठे मिळण्याजोगे आहे याचे नकाशे उपग्रहचित्रांवरून तयार होतात आणि बंधाऱ्याची जागा निवडताना ते उपयोगी पडतात.

चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरल्याने कोणाच्या बाजरीस पाणी मिळाले नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्या यानास नेणाऱ्या अग्निबाणात जे अतिशीत इंधनाचे तंत्र आहे, त्याच तंत्राच्या बळावर हवामानाचा इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी वर गेला. हे तंत्र १९९३ मध्ये रशियाने अमेरिकेच्या दडपणामुळे देण्याचे नाकारले होते. बाहेरून विकत मिळेल या आशेवर राहिलेल्या देशाची काय गत होते, ती तेव्हा दिसून आली.

उणिवाही आहेत. खरिपात आकाश ढगांनी झाकलेले असते व नेमके तेव्हाच साध्या चित्रांत पीक दिसत नाही. ढगाआड पाहणारे रडार असलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला, तो इतर कामांबरोबर अशाही कामासाठी. बारा दिवसांत दोनदा तो एकच जमीन पाहतो. तरी लहान तुकड्यात बाजरी व तूर मिसळून पेरली असेल, तर वरून चूक होऊ शकते. म्हणून संहितेनुसार निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी करावी लागते. त्या पाहणीस जाणाऱ्या कार्यकर्त्याने गट क्रमांक, पेरणीची तारीख, पिकाची उंची व पान सुकले आहे किंवा कसे, हे बांधावर उभे राहूनच लिहावे. कचेरीत बसून अंदाजाने भरलेला तक्ता उपग्रहाचे खरे मापही खोटे ठरवू शकतो, आणि त्याचे नुकसान शेतकऱ्यास सोसावे लागते.