वाचनाची नवी वही

दीपावलीच्या पाडव्यास आमचे व्यापारी बंधु नव्या वह्या सुरू करितात, पहिल्या पानावर 'श्री' लिहितात आणि गतवर्षाचीं येणीं-देणीं पुढें ओढितात. परंतु पै-पैचा हिशेब लागल्यावांचून ज्यास रात्रीं झोंप येत नाहीं, त्याच गृहस्थास "गेल्या वर्षीं आपण काय वाचलें?" असें विचारिलें, तर तो निरुत्तर होतो. वर्तमानपत्रें चाळलीं, एक-दोन कादंबऱ्या अर्ध्यावर टाकिल्या, भेट आलेला ग्रंथ कपाटांत तसाच राहिला, एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. म्हणून आम्ही आमच्या वाचकांस सुचवितों कीं, येत्या वर्षाकरितां त्यांनीं वाचनाचीहि एक वही करावी.

प्रथम भांडवल मोजावें. रोज २० पानें वाचणें कोणाहि उद्योगी मनुष्यास जड नाहीं. सणवार, प्रवास, आजारपण व लग्नसराई यांचे ६५ दिवस सोडले, तरी ३०० दिवसांत ६,००० पानें होतात. म्हणजे अडीचशें पानांचीं २४ पुस्तकें. यांतून बाराच यादींत लिहावीं. बाकीची जागा अवचित हातीं येणाऱ्या पुस्तकांस मोकळी ठेवावी. सर्व भांडवल आधींच गुंतवून बसणें शहाणपणाचें नव्हे. पन्नास नांवांची यादी हा निव्वळ भपका आहे. तिचें दिवाळें संक्रांतीपूर्वींच निघतें.

पण हीं बारा कोणतीं? खरा प्रश्न येथेंच आहे. बहुतेक लोक आपल्या मतास दुजोरा देणारींच पुस्तकें निवडितात. भाविक मनुष्य संतचरित्रें वाचतो, इतिहासाभिमानी बखरी वाचतो, आणि सुधारक सुधारकांचीच स्तुति वाचतो. हें म्हणजे आपलाच माल आपणच विकत घेऊन नफा झाला असें मानणें होय. आमचें म्हणणें असें कीं, बारांपैकीं निदान चार पुस्तकें 'देणीं' या सदराखालीं लिहावीं: ज्यांचें बोलणें आपण, आपल्या वडिलांनीं व आपल्या समाजानें ऐकून घेतलें नाहीं, त्यांचीं.

हें देणें किती जुनें आहे पाहा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. सर्व दोष स्त्रीच्या माथीं मारणारा समाज पुरुषाचे दोष कां झांकतो, हा त्यांचा रोकडा सवाल होता. जोतीराव फुले यांनीं त्यांची बाजू घेतली. परंतु पुढें तो निबंध जवळजवळ विस्मृतींत गेला. स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तो पुन्हां प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें तो वाचकांच्या दृष्टीस पडला. ९३ वर्षांची ही थकबाकी! याच सदरांत फुले यांचा १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड' यावा. ज्याच्या धान्यावर आपली बाजारपेठ चालते, त्याचें गाऱ्हाणें व्यापाऱ्यानें वाचूं नये तर कोणीं वाचावें? दया पवार यांचें १९७८ सालचें 'बलुतं' यावें. आणि लोकहितवादींचीं, १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत निघालेलीं 'शतपत्रें' यावीं. स्वजातीचे दोष स्वजातीयानें निर्भीडपणें कसे सांगावे, हें तेथें दिसेल.

अशा वाचनानें बुद्धिभेद होतो, असें कोणी म्हणतील. त्यांस आम्ही विचारितों, सावकाराचें पत्र न फोडतां ठेविल्यानें कर्ज फिटतें काय? लेखकाचें म्हणणें पटलें नाहीं, तर समासांत आपला विरोध खुशाल लिहावा. पण वाचल्यानंतर लिहावा.

आणखी एक गोष्ट. रमाबाई रानडे यांचें लग्न १८७३ सालीं झालें, तेव्हां त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. पतीनें शिकविण्यास आरंभ केला, तो घरांतील वडील बायकांस रुचला नाहीं. पुढें त्याच रमाबाईंनीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हा ग्रंथ लिहिला आणि तो १९१० सालीं प्रसिद्ध झाला. आज असा विरोध फारसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. पण यजमान ग्रंथ उघडून बसला असतां गृहिणीस चुलीपुढून उठण्याची सवड नसेल, तर विरोध घरांतून गेला असें कसें म्हणावें? तेव्हां आपली यादी पुरी झाल्यावर वही पत्नीच्या, आईच्या व दुकानांतील मुनिमाच्या हातीं द्यावी. त्यांस स्वतःची यादी करूं द्यावी. आणि त्यांच्या वाचनास लागणारा अर्धा तास, त्यांचें कांहीं काम रोज आपल्या अंगावर घेऊन, मोकळा करून द्यावा. वहीची पूजा वर्षांतून एकदांच होते. हिशेब मात्र रोजच्या रोज लिहावा लागतो.