फीडमधलं मराठी का बिघडतं? पायथनचा इनपुटसोर्स समजून घेऊ

ॲपमध्ये तुम्हाला एपिसोडची यादी दिसते ना, ती आरएसएस फीडमधून येते. फीड म्हणजे एक एक्सएमएल फाइलच. ती वाचायला मी पायथनचं एक्सएमएल.सॅक्स वापरतो. पायथन इथे फक्त पुढे दिसतं. खरं पार्सिंग सी भाषेतली एक्सपॅट लायब्ररी करते. तिला मजकूर कुठून घ्यायचा, हे सांगणारा क्लास म्हणजे इनपुटसोर्स.

त्यात तीन वाटा आहेत: सेटकॅरेक्टरस्ट्रीम, सेटबाइटस्ट्रीम आणि सेटसिस्टमआयडी. मजकूर शोधताना याच क्रमाने बघितलं जातं. पहिली वाट दिली, की पुढच्या वाटांवरून मजकूर घेतला जात नाही.

आता खरी गंमत. यूटीएफ-८मध्ये 'म' हे एक अक्षर ३ बाइट घेतं. सर्व्हरने टेक्स्ट/एक्सएमएल एवढंच सांगितलं आणि एन्कोडिंग सांगितलं नाही, तर रिक्वेस्ट्स लायब्ररीचं .टेक्स्ट त्याला लॅटिन-१ समजतं. एका 'म'ची तीन परकी चिन्हं होतात. असा मजकूर कॅरेक्टरस्ट्रीममध्ये दिला, तर एरर येत नाही, पण शीर्षकाचा पार कचरा होतो!

म्हणून .कंटेंट घ्या, बाइट्सआयओमध्ये गुंडाळा आणि सेटबाइटस्ट्रीमला द्या. एन्कोडिंग फाइलच्या पहिल्या ओळीवरून पार्सर स्वतः ओळखतो. तिथे काही नसेल तर यूटीएफ-८ धरतो.

आणि सेटसिस्टमआयडीत फीडचा पत्ता टाकाच. नाहीतर टॅग चुकल्याच्या एररमध्ये नावाच्या जागी नुसतं 'अननोन' येतं. पन्नास फीड एकदम तपासताना त्यातला बिघडलेला कुठला, हे मग शोधत बसा!