घरच्या घरी आवाज रेकॉर्ड करायचाय? माइक घेण्याआधी हे वाचा!



धंद्याचे व्हिडिओ करायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, माइक कुठला घेऊ?" पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. माझा आवाज नक्की कशामुळे खराब येतोय? हे कळल्याशिवाय माइक घेणं म्हणजे दुखणं न सांगता मेडिकलमधून गोळी आणणं.

आधी फुकटची टेस्ट करा

फोनचा रेकॉर्डर चालू करा, फोन तोंडापासून एक वीत लांब धरा आणि तुमच्या प्रॉडक्टबद्दल ३० सेकंद बोला. मग तेच कानात इअरफोन घालून ऐका. साधारण तीनपैकी एक तक्रार सापडेल.

१. आवाज घुमतोय. हा दोष खोलीचा आहे. रिकाम्या भिंती, फरशी आणि काचा यांवरून आवाज उलटून येतो. कितीही महागडा माइक आणला तरी तो ही घुमघुम पकडणारच. भरलेलं कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला, मागे दाराला जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी टाका. खर्च शून्य!

२. आवाज लांबून येतोय, मागे खरखर आहे. हा अंतराचा प्रश्न. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश होते. पंख्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो. म्हणून पंखा बंद करा आणि माइक जवळ आणा.

३. 'प', 'फ', 'भ' म्हणताना फटफट होते. तोंडातली हवा थेट माइकवर आदळतेय. माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, तिरका धरा. वर फोमची टोपी लावा.

एवढं करूनही भागत नसेल, तरच खिशात हात घाला.

बजेट हजाराच्या आसपास: वायरवाला कॉलर माइक

कॅमेऱ्यासमोर बोलणार असाल तर सुरुवात इथून करा. या प्रकारात बोयाचा बीवाय-एम१ आपल्याकडे खूप वापरला जातो. वायर ६ मीटर लांब, त्यामुळे फोन लांब स्टँडवर ठेवला तरी चालतो. माइक हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर, कपड्याला घासणार नाही असा लावा. त्याच्या डबीवर एक बटण असतं. फोनसाठी वेगळं सेटिंग, कॅमेऱ्यासाठी वेगळं. कॅमेऱ्याच्या सेटिंगला आतला छोटा सेल वापरला जातो, त्यामुळे काम झालं की बटण परत फिरवायला विसरू नका.

हा माइक चारी बाजूंचा आवाज घेतो. म्हणून वर सांगितलेली खोलीची तयारी इथेही लागतेच.

बजेट तीन ते पाच हजार: यूएसबी माइक

टेबलावर बसून फक्त आवाज द्यायचा असेल, म्हणजे ऑडिओ कोर्स, जाहिरातीचा आवाज, प्रॉडक्टची माहिती, तर हा पर्याय. यात दोन जाती आहेत. कंडेन्सर नाजूक कानाचा असतो: आवाज स्वच्छ देतो, पण शेजारच्या मिक्सरचाही देतो! डायनॅमिक थोडा जाड कानाचा. चार बोटांच्या अंतरावरून बोलावं लागतं, पण आजूबाजूचा गोंगाट त्यामानाने कमी येतो. चाळीत, रस्त्यालगत किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड करणार असाल तर डायनॅमिक बघा. शांत खोली असेल तर कंडेन्सर. दोन्हीत 'कार्डिऑइड' लिहिलेला घ्या. तो मुख्यतः समोरचा आवाज घेतो, मागचा कमी करतो.

इथे पैसे अडकतात, जपून!

- गोल पिन असलेला एक्सएलआर कंडेन्सर माइक स्वस्त दिसतो. पण बहुतेकांना ४८ व्होल्टची 'फॅन्टम पॉवर' लागते, म्हणजे वेगळं इंटरफेस मशीन आलं. एकूण खर्च धरूनच ठरवा.
- पिन बघा. फोनच्या हेडफोन पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनवर दोन. फोनला गोल भोकच नसेल तर टाइप-सी कनेक्टर लागेल, आणि प्रत्येक स्वस्त कनेक्टर प्रत्येक फोनवर चालतोच असं नाही. घेण्याआधी आपल्याच फोनला लावून बघा.
- ब्लूटूथ इअरफोनच्या माइकवर कोर्स रेकॉर्ड करू नका. तो फोनवर बोलण्यापुरता ठीक आहे.
- पक्कं बिल घ्या, परत करण्याची मुदत विचारा आणि त्या मुदतीतच टेस्ट करा.

एडिटिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर फुकट मिळतं. रेकॉर्ड करताना आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका. उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली की उत्तम. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

मित्रांनो, शेवटी हिशोबाचं बोलू. तुमचं भांडवल दहा हजार असेल आणि त्यातले पाच माइकमध्ये गेले, तर कच्चा माल कशाने आणणार? ग्राहक व्हिडिओत तुमचा माइक बघत नाही, तुमचं म्हणणं त्याला नीट ऐकू आलं पाहिजे एवढंच. आधी फोनवर दहा व्हिडिओ करा. त्यातून चौकशी आली, ऑर्डर आली, की त्या नफ्यातून माइक घ्या.

आजचं काम: ती ३० सेकंदांची टेस्ट आजच करा आणि तीनपैकी तुमची तक्रार कोणती ते वहीत लिहा. खरेदीची यादी त्यानंतर!